घरातला डबा आणि चित्रकलेचा तास

आज मी बोलणार आहे चित्रकलेच्या तासाविषयी. मुख्यतः हे बोलणे खेड्यापाड्यांतल्या शाळांमधील गुरुजींसाठी आणि बाईंसाठी आहे. पण आईवडिलांनीही जरा कान द्यावा, कारण हा विषय फिरून फिरून तुमच्या स्वयंपाकघरातल्या फळीपाशी येणार आहे.

वर्गात “चित्र काढा” असे सांगितले की मुले काय काढतात, हे तुम्हांला मी सांगायला नको. दोन डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा सूर्य, खाली वाहत येणारी नदी, काठावर झोपडी, शेजारी नारळाचे झाड आणि आकाशात चार पक्षी. ज्या गावाच्या दहा कोसांत डोंगर नाही, तिथेही हेच डोंगर. ज्या मुलाने नारळ पाहिला तो फक्त देवळात आणि वाण्याच्या दुकानात, त्याच्याही चित्रात हेच झाड! हे चित्र मुलांनी पाहिलेले नसते. पाढ्यासारखे पाठ केलेले असते. आणि त्याच वर्गात काही मुले अशीही असतात, की ती कागद कोराच ठेवतात. का रे बाबा, असे विचारले तर म्हणतात, “मला चित्र येत नाही.”

एक मूल पाठ केलेले चित्र काढते, दुसरे मुळीच काढत नाही. मला विचाराल तर दोन्हींचे मूळ एकच आहे. आपल्या घरातले, आपल्या गल्लीतले काही चित्रात काढण्याजोगे असते, असे त्या मुलांना कोणी सांगितलेलेच नाही. चित्र म्हणजे कुठले तरी दूरचे, सुंदर, आपल्या आवाक्याबाहेरचे, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. मुलाने आपल्या घराविषयी असे मन करून घेणे, ही मला केवळ चित्रकलेतली उणीव वाटत नाही.

या दुखण्यावर उपयोगी पडेल असा एक चित्रकार आज तुम्हांला भेटवतो. तो आपल्याकडचा नव्हे, अमेरिकेतला. नाव अँडी वॉरहॉल. एकोणीसशे पन्नास-साठच्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत चित्रकारांची एक फळी पुढे आली. राजेरजवाडे, देवदेवता, निसर्गदृश्ये हे सारे बाजूला ठेवून त्यांनी दुकानातले डबे, बाटल्या, जाहिराती, सिनेनट, वर्तमानपत्रातली हास्यचित्रे हे विषय घेतले. सामान्य लोकांच्या रोजच्या नजरेतले, म्हणून त्या कलेला ‘पॉप’ कला असे नाव पडले. त्या मंडळींत वॉरहॉलचे नाव सर्वांत गाजले.

त्याचा जन्म ६ ऑगस्ट १९२८ रोजी पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात झाला. आईवडील मूळचे आजच्या स्लोव्हाकियातल्या मिकोवा नावाच्या लहानशा खेड्यातले. पोट भरायला समुद्र ओलांडून आलेले. वडील बांधकामावर मजुरी करीत. आई ज्यूलिया मोठी हिकमती. फळांचे रिकामे डबे ती फेकून देत नसे; त्यांचा पत्रा कात्रीने कापून ती फुले करी आणि ती विकून घरखर्चाला हातभार लावी. असं बघा, जो मुलगा पुढे डब्यांची चित्रे काढून जगभर गाजला, त्याच्या घरात डब्याचे फूल आधीच झालेले होते!

हा मुलगा आठ वर्षांचा असताना आजारी पडला. सांधेतापाच्या मागून काही मुलांना जडणारा एक विकार असतो. त्यात हातपाय आपोआप थरथरतात. हातात धरलेली पेन्सिल सरळ चालत नाही. शाळेत मुले चिडवीत. अखेर त्याला कित्येक आठवडे अंथरुणावर पडून राहावे लागले. आईने त्याला रंगवायची पुस्तके आणून दिली. एक पान रंगवून झाले की एक चॉकलेट, असा ठराव! आईला मुलाचे चित्र कसे आले याची फिकीर नव्हती. हात चालता राहिला पाहिजे, एवढेच तिला कळत होते. गुरुजी, थरथरत्या हाताच्या मुलालाही चित्रकलेत जागा असते, हे या एका गोष्टीवरून ध्यानात ठेवा.

त्या शहरात कार्नेगी इन्स्टिट्यूट नावाची मोठी संस्था आहे. तिथे दर शनिवारी मुलांसाठी चित्रकलेचे फुकट वर्ग भरत. शाळेतल्या शिक्षकांनी ज्यांची नावे सुचवावीत, ती मुले तिथे जात. वॉरहॉलचे घर तिथून पायी जाण्याच्या अंतरावर होते. शेकडो मुले एका मोठ्या सभागृहात बसून फळीवर कागद ठेवून रंगीत खडूंनी चित्रे काढीत. तिथे शिकवणाऱ्यांत जोसेफ फिट्झपॅट्रिक नावाचे शिक्षक होते. त्यांच्या शिकवण्याच्या पायऱ्या चार: पाहा, नीट न्याहाळा, ध्यानात ठेवा आणि आनंद घ्या. यात ‘सुबक काढा’ हे कुठे आहे का? नाही. या चार पायऱ्या आपण पुढे वापरणार आहोत, म्हणून आत्ताच लक्षात असू द्या.

वडील १९४२ साली वारले. पण या मजुराने धाकट्या मुलाच्या कॉलेजसाठी पैसे बाजूला ठेवलेले होते. १९४५ मध्ये मुलगा पिट्सबर्गच्याच कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या कॉलेजात कला शिकायला दाखल झाला, आणि पहिल्याच वर्षाअखेर त्याला काढून टाकण्यापर्यंत पाळी आली. सुटीत काम करून दाखव, मग बघू, असे सांगण्यात आले. आता गंमत पाहा. त्याचा थोरला भाऊ पॉल गाडीतून दारोदार फळे-भाजी विकत असे. अँडी त्या गाडीवर मदतीला गेला, आणि भाजी घ्यायला येणाऱ्या बायाबापड्यांची भराभर रेखाटने करू लागला. ती रेखाटने त्याने शिक्षकांपुढे ठेवली. कॉलेजात त्याची जागा तर परत मिळालीच, वर बक्षीसही मिळाले. वर्गात जे साधले नव्हते ते भाजीच्या गाडीवर साधले, कारण तिथे त्याच्या समोर खरी माणसे होती.

१९४९ मध्ये पदवी घेऊन तो न्यू यॉर्कला गेला आणि जाहिरातींची चित्रे काढू लागला. पुढे १९६२ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत त्याचे एक प्रदर्शन भरले. चित्रे बत्तीस. विषय एकच: कॅम्बेल कंपनीच्या सूपचा डबा! तेव्हा त्या कंपनीचे बत्तीस प्रकारचे सूप मिळत असे. म्हणून टोमॅटोचा एक, कांद्याचा एक, अशी बत्तीस चित्रे. प्रत्येक वीस इंच उंच आणि सोळा इंच रुंद. भिंतीला अरुंद फळी मारून त्यावर ती दुकानातल्या मालासारखी ओळीने ठेवली होती. लोक हसले. जवळच्याच दुसऱ्या एका गॅलरीने तर खरे डबे मांडून ‘आमच्याकडे अस्सल माल स्वस्तात मिळेल’ अशी थट्टा केली. आज ती बत्तीसही चित्रे न्यू यॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहेत.

आता तुम्ही म्हणाल, डब्याचे चित्र काढले यात कसली आली आहे कला? शंका रास्त आहे. पण एक विचार करा. तो डबा त्या देशातल्या लाखो माणसांनी रोज हातात धरला होता, उघडला होता, फेकला होता. पाहिला मात्र कोणी नव्हता. चित्र झाले तेव्हा लोकांना तो प्रथम दिसला. मुलांसाठी आपल्याला एवढेच हवे आहे. वॉरहॉलची कीर्ती नको, पैसा नको. रोजची वस्तू दिसू लागणे, एवढेच.

पिट्सबर्गमध्ये १९९४ पासून वॉरहॉलच्या नावाचे संग्रहालय आहे. तिथे मुलांना त्याच्या पद्धतींनी चित्रे करायला शिकवतात, शिक्षकांसाठी पाठही तयार करतात. त्याच धर्तीवर, पण आपल्या शाळेतल्या सामानात बसतील असे चार तास मी तुम्हांला सुचवतो.

पहिला तास नुसता पाहण्याचा. कागद-पेन्सिल बंद. प्रत्येक मुलाला जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा तळहाताएवढा तुकडा द्या आणि त्याच्या मधोमध काडेपेटीपेक्षा थोडी लहान चौकोनी खिडकी कापा. झाली चौकट तयार. ही युक्ती कोरिटा केंट नावाच्या अमेरिकन शिक्षिकेची. त्या ख्रिस्ती संन्यासिनी होत्या, लॉस एंजेलिसच्या एका कॉलेजात कला शिकवीत आणि स्वतः पॉप पद्धतीची छापचित्रे करीत. वॉरहॉलचे ते डब्यांचे प्रदर्शन पाहिल्यावर त्यांच्याही कामाला निराळे वळण लागले. विद्यार्थ्यांच्या हातात अशी चौकट देऊन त्या त्यांना रस्त्यावर, दुकानात पाहायला नेत. तुम्हीही मुलांना शाळेच्या आवारात न्या. एक डोळा मिटून खिडकीतून पाहू द्या. पंपाचा दांडा, सायकलच्या आऱ्या, कौलांची ओळ, खिचडीच्या पातेल्याचा काठ. मग वर्गात येऊन प्रत्येकाने सांगायचे: मला काय दिसले? “पंप दिसला” हे उत्तर घेऊ नका. “पंपाच्या दांड्याचा रंग जिथे हात लागतो तिथेच उडाला आहे” हे उत्तर घ्या. फिट्झपॅट्रिक गुरुजींच्या पहिल्या दोन पायऱ्या एवढ्यात चढून होतात.

दुसरा तास डब्याचा. आदल्या दिवशी सांगा, घरातून एक रिकामा डबा, खोके किंवा पुडा आणा. हिंगाची डबी, चहाचा पुडा, खोबरेल तेलाचा डबा, काहीही चालेल. फक्त एक गोष्ट बजावून सांगतो: पिकांवरच्या फवारणीच्या औषधांचे डबे आणि बाटल्या मुलांना आणू देऊ नका. रिकाम्या असल्या, धुतलेल्या असल्या तरीही नाही.

मुले गोल डब्याचे तोंड सरळ रेघेने काढतात. त्यांना चूक म्हणू नका, प्रयोग दाखवा. डबा मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत धरा. तोंड सरळ रेघ दिसते. डबा हळूहळू खाली न्या. रेघ फुगून लांबट गोल होतो. आणखी खाली नेऊन वरून पाहिला, तर भाकरीसारखा पुरता वाटोळा. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की मूल पुन्हा विसरत नाही; दहा वेळा फळ्यावर काढून दाखवण्याची गरज राहत नाही. नंतर डबा झाकून ठेवा आणि राहिलेले चित्र आठवणीने पुरे करू द्या. ही तिसरी पायरी, ध्यानात ठेवण्याची.

याच तासाला दहा मिनिटे वेष्टनावर बोला, बरं का! सर्वांत मोठे अक्षर कशाचे आहे? सर्वांत बारीक कशाचे? वजन, किंमत आणि माल केव्हापर्यंत चांगला राहील ती तारीख कुठे लपली आहे? तांबडा-पिवळा रंगच का निवडला असेल? हा पुडा कोणाला हाक मारतो आहे, आईला की मुलांना? वॉरहॉल स्वतः जाहिरातींच्या धंद्यात वाढलेला. रंग आणि अक्षर माणसाला कसे ओढतात हे त्याला पक्के ठाऊक होते. आपल्या मुलांनाही ते ठाऊक असावे. आज गावच्या टपरीवर रंगीबेरंगी पुड्यांच्या माळा लटकत असतात. त्यांपुढे उभ्या राहणाऱ्या मुलाला हे शिक्षण उपयोगी नाही, असे कोण म्हणेल?

तिसरा तास टिपलेल्या रेघेचा. ही वॉरहॉलची आवडती रीत. कॉलेजात असताना त्याने ती बसवली, आणि न्यू यॉर्कला गेल्यावर चपलाबुटांच्या जाहिराती याच रीतीने काढून नाव मिळवले. कृती सोपी आहे. शाई लवकर न शोषणारा कागद, म्हणजे आपला बटर पेपर, घ्या. त्यावर पेन्सिलीने चपलेचे, पानाचे, कशाचेही चित्र काढा. शेजारी साधा शाई शोषणारा कागद ठेवून दोन्हींचे कडेचे टोक चिकटपट्टीने जोडा, म्हणजे पुस्तकाच्या पानांसारखी उघडझाप होईल. मग पेन्सिलीच्या रेघेवर टाकाने किंवा काडीने शाई फिरवा. पण एका वेळी दोन बोटे लांबीचीच, कारण शाई वाळते. लगेच कागद मिटून हलके दाबा. पुन्हा उघडा, पुढच्या तुकड्यावर शाई, पुन्हा दाबा. दुसऱ्या कागदावर जी रेघ उमटते ती तुटक, थेंबाथेंबांची, जिवंत अशी असते. चित्र मात्र आरशातल्यासारखे उलटे येते. नाव लिहायचे असेल तर बटर पेपर उलटवून मागून दिसणाऱ्या अक्षरांवर शाई फिरवावी.

या रीतीतला खरा फायदा आता सांगतो. इथे कोणाचीच रेघ सरळ, गुळगुळीत येत नाही. वर्गातला हुशार चित्रकार आणि मागच्या बाकावरचा “मला येत नाही”वाला, दोघांचीही रेघ सारखीच थरथरती येते, आणि तीच छान दिसते. ज्या मुलाचा हात एके काळी थरथरत होता त्याने ही रेघ शोधावी, हा योगायोग असेल; पण आपल्या वर्गाला तो फार उपयोगाचा आहे.

चौथा तास एकाच फुलाच्या चार रूपांचा. वॉरहॉलने १९६४ मध्ये फुलांची चित्रमालिका केली. ती फुले कोणती, ठाऊक आहे? जास्वंद! आपल्या परसात रोज फुलते तीच. १९६२ पासून तो जाळीच्या छपाईने चित्रे करीत होता. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणायची, नको तो भाग बुजवायचा आणि रबरी पट्टीने रंग ओढायचा. उघड्या भागातून तो खालच्या कागदावर उतरतो. तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या अशाच छापल्या जातात. त्याला स्क्रीन प्रिंटिंग म्हणतात.

शाळेत जाळी कुठून आणणार? पुठ्ठ्यावर जास्वंदीचा आकार काढून आतला भाग कापून टाका. कागदाला घड्या घालून चार समान चौकोन करा आणि प्रत्येक चौकोन निरनिराळ्या फिक्या रंगाने आधी रंगवून वाळू द्या. मग पुठ्ठा ठेवून चिंधीच्या बोळ्याने घट्ट रंग टिपत जा. चारही ठिकाणी आकार तोच, रंग वेगळा. आता मुलांना विचारा: कोणते फूल पुढे आल्यासारखे वाटते? कोणते मागे सरले? कोणते संध्याकाळचे? तांबडे फूल हिरव्यावर उसळून येते आणि नारिंगीवर दबते, हा रंगशास्त्राचा धडा मुले न सांगता शिकतात. आणि चारही छाप अगदी सारखे कधीच येत नाहीत, हेही त्यांना दिसते. रंग टिपताना वर्गात जो गलका होईल तो होऊ द्या. चौथी पायरी आनंदाची आहे ना!

आता दोन सावधगिरीचे शब्द. पहिला हा, की वॉरहॉलचे चित्र फळ्यावर लावून “असेच काढा” असे सांगू नका. तसे केले तर डोंगर-सूर्याच्या जागी सूपचा डबा आला, एवढाच फरक. आपल्या मुलांनी ते सूप कधी प्यायलेले नाही. त्यांचा डबा त्यांच्या घरात आहे. त्या जास्वंदीच्या चित्रांचीही एक कथा आहे. ती फुले त्याने एका मासिकात छापलेल्या छायाचित्रावरून उचलली होती. ते छायाचित्र काढणाऱ्या पॅट्रिशिया कॉलफील्ड बाईंनी परवानगी न घेतल्याबद्दल दावा लावला आणि शेवटी तडजोड करावी लागली. तेव्हा मुलांना सांगा, फूल परसातले घ्या. ते कोणाची परवानगी मागत नाही.

दुसरा शब्द असा. वॉरहॉलचे पुढचे आयुष्य झगमगाटाचे आणि वादांचे होते. १९८७ मध्ये तो वारला. त्याचे सारे जीवन मुलांपुढे कित्ता म्हणून ठेवा, असे माझे म्हणणे नाही. त्याच्याकडून आपल्याला फक्त नजर घ्यायची आहे.

काही शाळांतून परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो. मुख्याध्यापकांची अडचण मी समजू शकतो. पण डब्याची उंची-रुंदी मोजणारे, वजन आणि तारीख वाचणारे, एका चौकोनाचे चार समान भाग करणारे मूल गणितापासून दूर गेले असे कसे म्हणता येईल?

चार तास पुरे झाले म्हणजे व्हरांड्यात एक दोरी बांधा आणि मुलांच्या उंचीला येतील अशी सगळी चित्रे ओळीने लावा. निवडानिवड नको, नंबर नको. ज्याने कागद कोरा ठेवला होता त्याचेही चित्र त्या ओळीत असलेच पाहिजे. शनिवारी शाळा सुटताना आईवडिलांना बोलवा. आणि आईबापहो, तुम्ही याल तेव्हा “हे काय, आपला तेलाचा डबा काढलास?” असे म्हणून हसू नका. चित्रापुढे जरा उभे राहा. तुमच्या मुलाने त्या डब्यावर काय काय पाहिले आहे, ते त्यालाच विचारा. तो सांगू लागला, की ऐका.